टाकीतले सहा मासे

जलशुद्धीकरण केंद्रात सगळे त्याला मासेमामा म्हणत. कामच तसं होतं. नदीचं पाणी आत शिरतं तिथे काचेची एक टाकी, तिच्यात सहा मासे, आणि टाकीतून तेच पाणी सतत वाहतं. मासे पोहताहेत तोवर शहराने खुशाल प्यावं. दोन मेले, की मुख्य झडप बंद करायची.

महिन्याभरापूर्वी एका सकाळी दोन मेले आणि मामाने झडप बंद केली. अर्ध्या शहराचे नळ कोरडे पडले. दुपारी अहवाल आला : पाणी स्वच्छ. अहो, तपासलं दुपारचं पाणी! सकाळचं तोवर केव्हाच पुढे गेलं होतं. पण एवढा विचार करतो कोण? साहेबांनी चारचौघांत मामाला झापलं, "मासे सांभाळता येत नाहीत आणि लोकांचं पाणी तोडता?"

मामाने कानाला खडा लावला. पुढे एक मासा मेला, तेव्हा त्याला वाटलं, आपलंच चुकलं. खाणं जास्त पडलं असेल. मागच्या हौदात विहिरीच्या पाण्यात राखीव मासे होते. त्यातला एक त्याने गुपचूप टाकीत सोडला. मग दर दोन दिवसांनी एक मरायचा, एक सोडायचा. कोणीही येऊन मोजा, मासे सहाच.

नदीकाठच्या भिंतीवरच्या गोगलगायी गेल्या, पाण्यावर पळणारे किडे गेले, खायला काही उरेना तेव्हा तारेवरचा खंड्याही गेला. आणि हा बाबा काच घासत बसलेला!

घरी लेक बाळंतपणाला आली होती, आठवा महिना. डॉक्टरीणबाईंनी भरपूर पाणी प्यायला सांगितलेलं. रोज दुपारी तिचा फोन ठरलेला.

"बाबा, मासे काय म्हणतात?"

"ठणठणीत!"

मग ती हसत हसत ग्लास तोंडाला लावायची.

आज सकाळी मामाने शेवटचा राखीव मासा सोडला आणि चहाचा कप उचलला. चहा अर्धासुद्धा संपला नाही, तोच मासा गर्रकन फिरून आडवा झाला. पाठोपाठ बाकीचे पाचही तोंडं उघडी टाकून वर आले. हा तर आत्ता सोडलेला, धडधाकट! याला कुठे खाणं जास्त झालं? मग आधीचे... ते सगळेच... अरे देवा!

झडपेचं चाक गंजलेलं. तो त्याला लोंबकळला, तळहात सोलवटले, पण झडप बंद केली. साहेब ओरडत धावत आले. त्यांच्याकडे न बघता त्याने घरी फोन लावला.

"नळाचं पाणी पिऊ नकोस! थेंबभरही नको!"

"का हो बाबा?"

"मासे मेले."

पलीकडे ग्लास खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आजच ना? काल तर ठणठणीत होते ना, बाबा?"

खोटं बोलायची आता सोय नव्हती.

"नाही गं पोरी," तो म्हणाला. "महिना झाला."