तेरा दातांची गरारी

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गुरुनाथ सावंतने मोटरसायकलच्या इंजिनाचं डाव्या बाजूचं झाकण उघडलं. तीन स्क्रू होते. ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने त्याने ते वर्तमानपत्रावर मांडले. आत ग्रीस आणि मातीचा काळा लगदा साचला होता. तो रॉकेलच्या फडक्याने पुसल्यावर साखळीखालची छोटी दातेरी चकती दिसू लागली. हवाई दलात तिला स्प्रॉकेट म्हटलं असतं. चंदीगडमध्ये गरारी म्हणतात.

"कितने दाँत?" शेजारी वेताच्या मोढ्यावर, बुटक्या स्टुलावर, बसलेल्या दारजींनी विचारलं.

"पंद्रह."

"और नई वाली?"

"तेरह."

दारजींनी फाटकाकडे एक नजर टाकली. फाटकाला आतून कडी होती.

दारजी म्हणजे तरलोचन सिंग, घराचे मालक. वय पासष्ट, वीज मंडळातून निवृत्त. त्यांचा मुलगा नवतेज त्यांना दारजी म्हणायचा, म्हणून वरच्या मजल्यावरचा भाडेकरू गुरुनाथही म्हणे. मोटरसायकल नवतेजची होती. तो चोवीस वर्षांचा, इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात लेथवर कामाला. आज तो मामेबहिणीच्या साखरपुड्यासाठी खरड गावी गेला होता. बसने जा, असा दारजींनी हट्ट धरला होता, आणि बस दोनच्या आत परत येणार नव्हती.

गोष्ट गुरुवारची. नोव्हेंबरात सहालाच अंधार पडतो. कामावरून परतताना चौकातल्या पोलीस नाक्यावर शिपायाने बॅटरी हलवली ती नवतेजला उशिरा दिसली. गाडी वेगात होती. ब्रेक दाबूनही ती नाक्याच्या पुढे चाळीस फुटांवर जाऊन थांबली. मागे बंदुकीचा खटका ओढल्याचा आवाज आला. नवतेज हात वर करून उतरला, कागद दाखवले, टिफिन उघडून दाखवला. घरी येऊन त्याने हे जेवता जेवता गंमत म्हणून सांगितलं. शिपायाला टिफिनमधलं लोणचं आवडलं, हेही सांगितलं. दारजी ताटावरून उठले.

ते नव्वद साल होतं, पंजाबातल्या दहशतवादाचे दिवस. मोटरसायकल, तरणा सरदार आणि संध्याकाळ या तीन गोष्टी एकत्र आल्या की नाक्यावरच्या माणसाचं बोट कुठे जातं, हे दारजींना कुणी सांगायची गरज नव्हती. शुक्रवारी ते जिना चढून वर आले आणि गुरुनाथला म्हणाले, गाडी हळू करून दे. नवतेजला सांगायचं, साखळी झिजली होती, बदलली.

"उसको पूछ लेते तो..." गुरुनाथ म्हणाला होता.

"पूछूँगा तो मना करेगा. सावंत साब, गाड़ी भाग ही न सके तो किसी को लगेगा भी नहीं कि भाग रहा है."

गुरुनाथने कागदावर हिशेब केला. पुढचे दात पंधराचे तेरा केले तर वेग साधारण सातव्या हिश्श्याने घटतो. नव्वदने पळणारी गाडी अठ्ठ्याहत्तरवर दमते. हिशेब बरोबर होता. शनिवारी तो मोटर मार्केटमधून तेरा दातांची गरारी आणि नवी साखळी घेऊन आला.

आता त्याने छिन्नीच्या टोकाने वॉशरची वाकवलेली कड सरळ केली आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

"दारजी, पीछे का ब्रेक दबाके रखिए. पूरा."

दारजी मोढ्यावरून उतरून खाली बसले आणि दोन्ही हातांनी ब्रेकचा दांडा दाबून धरला. गुरुनाथने पान्याला झटका दिला. नट हलला नाही. दुसऱ्या झटक्याला हलला. दारजींच्या कपाळावर घाम आला होता, आणि नट निघाल्यावरही त्यांनी ब्रेक सोडला नाही.

"छोड़ दीजिए, हो गया."

"पक्का?"

"पक्का."

साडेदहाला नवी गरारी बसली. नवी साखळी चढली, तिची क्लिप बंद टोक पुढे ठेवून लावली. लहान गरारीमुळे साखळी ढिली पडत होती. गुरुनाथने मागचं चाक दोन खुणा मागे ओढलं, दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवल्या, साखळी मधोमध बोटाने उचलून पाहिली. मग वॉशरची कड पुन्हा वाकवली. झाकणाचे तीन स्क्रू आपापल्या भोकांत गेले.

अकरा वीसला तो गाडी घेऊन बाहेर पडला. कोपऱ्यावर थांबला, आणि नेहमीच्या सवयीने क्लच सोडला. गाडीने उसळी घेतली. पुढचं चाक हलकं झालं, हँडल हातात वर आलं, आणि ब्रेक लागेपर्यंत गाडी भाजीच्या रेहडीपासून, म्हणजे हातगाडीपासून, वीतभर अंतरावर येऊन थांबली.

"ओ फौजी!" रेहडीवाला ओरडला. "हवाई जहाज़ समझ लिया क्या? गोभी लेनी है तो वैसे ही बोल दे."

गुरुनाथने एक फ्लॉवर घेतला. पुन्हा कोपऱ्यावर गेला आणि क्लच हळू सोडून पाहिला. हळू सोडला तर ठीक होतं. निष्काळजीपणे सोडला की उसळी. वरचा वेग कमी झाला होता, पण उभ्या गाडीचा जोर वाढला होता. दात कमी केले की हे होणारच. त्याला ते ठाऊक होतं, शिकवलेलं होतं. त्याने हिशेब फक्त वरच्या टोकाचा केला होता.

नाक्यावर गाडी उभी करतात. तपासतात. मग जा म्हणतात.

"दारजी, उसको बताना पड़ेगा," अंगणात गाडी लावत तो म्हणाला. "नाके पे रुकके निकलेगा, तो गाड़ी उछलेगी. सिपाही को लगेगा भाग रहा है."

दारजींनी साखळीवरून बोट फिरवलं.

"बताया तो पुरानी डाल लेगा. लेथ पे यही काम करता है, आधा घंटा नहीं लगेगा उसको."

"तो मैं ही पुरानी डाल देता हूँ."

"नहीं." दारजींनी मान हलवली. "दो दिन में हाथ बैठ जाएगा उसका. तू बस इतना बोल दे, नई चेन है, क्लच आराम से छोड़."

दारजींनी हात पुसले. ब्रेकच्या दांड्याचे वळ तळहातांवर उमटले होते.

जिन्याखाली एक फळी होती, तिथे गुरुनाथची हत्यारं आणि उतरवलेले सुटे भाग असत. हवाई दलात इंजिनाचा भाग उतरवला की त्याला चिठ्ठी बांधतात. काय उतरवलं, कधी, का, कुणी. खाली तपासणाऱ्याची सही. अकरा वर्षांच्या नोकरीत ही सवय त्याच्या हातात इतकी मुरली होती की घरीही सुटत नव्हती. तिथे इंग्रजीत, इथे मराठीत, एवढाच फरक. त्याने पंधरा दातांची जुनी गरारी तेल लावून पुसली आणि तारेने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली.

"गॅसचा रेग्युलेटर बदललात तेव्हाही बांधली होती," जिन्यावरून त्याची बायको नलिनी म्हणाली. तिच्या हातात तो फ्लॉवर होता. "एक दिवस मलाही बांधाल. साताऱ्याहून उतरवली, अमुक तारीख, कारण अमुक."

"तपासणाऱ्याची सही तू कधी करत नाहीस, म्हणून सगळ्या चिठ्ठ्या अपुऱ्या आहेत."

"मी कशाला करू? मी काय तपासलंय? आणि हे झालं का तुमचं? त्या पोराला न सांगता?"

"झालं."

"अहो, मला नाही बरं वाटत."

त्याने चिठ्ठीवर लिहिलं:

*गरारी, १५ दात. उतरवली रविवार ११.५०. कारण: वेग कमी करणे, वडिलांच्या सांगण्यावरून. १३ दात बसवली. उभ्याने सुटताना गाडी उसळते. चालकाला सांगितले नाही. गु. सावंत.*

शेवटच्या ओळीवर पेन थोडं थांबलं, पण खोटी नोंद त्याला जमली नसती आणि अपुरीही जमली नसती. तपासणाऱ्याची जागा कोरी ठेवून त्याने गरारी फळीवर मागच्या बाजूला सरकवली.

सव्वादोनला नवतेज आला. खरडहून आणलेला लाडूंचा डबा त्याने नलिनीच्या हातात दिला आणि नव्या साखळीकडे बघून शीळ घातली.

"वीरजी, ये कब?" त्याने गुरुनाथला विचारलं. थोरल्या भावासारखा तो त्याला वीरजी म्हणायचा.

"घिस गई थी. दारजी बोले, बदल दो."

"दारजी? मेरी गाड़ी पे खर्चा?" नवतेज हसला. "तबीयत तो ठीक है इनकी?"

"नई चेन है. दो दिन क्लच आराम से छोड़ना."

"आराम से ही छोड़ता हूँ जी. मैं कोई ट्रक थोड़ी चलाता हूँ."

संध्याकाळी तो सेक्टरमध्येच एक चक्कर मारून आला. वर खिडकीत उभ्या असलेल्या गुरुनाथने कान देऊन ऐकलं. गाडी सुटली तेव्हा आवाज एकदम चढला आणि तुटला. मग पुन्हा हळू चढला. परत आल्यावर नवतेज गाडीजवळ उकिडवा बसून होता. झाकणाच्या फटीत बोट घालून त्याने काहीतरी चाचपलं, मग उठून हात धुतले. दारजी ओट्यावर बसून रेडिओवरच्या बातम्या ऐकत होते. दोघांत काही बोलणं झाल्याचं वर ऐकू आलं नाही.

सोमवारी सकाळी नवतेज आठ वाजता कामाला गेला. गाडी अंगणातून हळू बाहेर पडली.

तो साडेसहापर्यंत घरी येतो. सात वाजले तेव्हा दारजी फाटकात उभे होते. सात दहाला त्यांनी शेजाऱ्यांकडून कारखान्यात फोन केला. मालक म्हणाला, मुलगा सहा वाजून पाच मिनिटांनी निघाला. कारखान्यापासून घर पाच किलोमीटरही नाही.

दारजी परत आले ते अंगणातूनच वर बघून बोलले. "सावंत साब. पुरानी वाली डाल दे." मग त्यांच्या लक्षात आलं, की गाडी इथे नाही.

गुरुनाथने हवाई दलाचा निळा स्वेटर चढवला आणि ओळखपत्र खिशात टाकलं. दारजी आणि तो त्याच्या स्कूटरवर गेले तर प्रत्येक ठिकाणी थांबवतील, म्हणून एकट्यानेच जायचं ठरलं. नलिनी खाली येऊन दारजींपाशी उभी राहिली.

बॅटरी घ्यायला तो जिन्याखाली गेला. ती लावली तेव्हा उजेड फळीवर पडला. जुनी गरारी मागे नव्हती, पुढच्या कडेला होती. चिठ्ठी वर तोंड करून ठेवलेली.

शेवटच्या ओळीतल्या 'नाही'वर एक सरळ रेघ मारलेली होती. तपासणाऱ्याच्या जागी गुरुमुखीत सही होती, तिच्याखाली आकड्यांत वेळ. सोमवार, सकाळ ७.४०.

तीन वर्षं तो या फळीवर मराठीत लिहीत होता, जणू ती त्याच्या घरातली भाषा असल्याने इथे कुणाला वाचता येणार नव्हती. नवतेजने इथल्या शाळेत दहावीपर्यंत हिंदी घेतली होती, आणि लिपी एकच. गुरुनाथने तार सोडवली आणि चिठ्ठी ओळखपत्रासोबत खिशात ठेवली. दारजींना दाखवली नाही. दारजींना सांगण्यासारखं त्यात काय आहे आणि काय नाही, हे त्याला तिथल्या तिथे ठरवता येईना.

घराजवळच्या चौकातला नाका सव्वा किलोमीटरवर होता. वाळूची पोती, लोखंडी अडथळे, चार शिपाई. ओळखपत्र बघून त्यांनी वहीची पानं उलटली. संध्याकाळपासून सतरा दुचाक्या. त्यांत हा नंबर नव्हता.

तिथून इंडस्ट्रियल एरियाच्या तोंडावरच्या नाक्यापर्यंत रस्ता सरळ होता. गुरुनाथने स्कूटर तिसऱ्या गिअरमध्ये ठेवली आणि दोन्ही कडा पाहत गेला. निलगिरीची झाडं, बंद झालेली चहाची टपरी, एक उभा ट्रक. ट्रकच्या मागेही त्याने उतरून पाहिलं. मोटरसायकल दिसली नाही.

दुसऱ्या नाक्यावर एक वयस्कर हवालदार होता. नंबर सांगताच त्याने मान डोलावली.

"हाँ, आया था. पैदल."

"पैदल?"

"गाड़ी धकेलता हुआ. मैंने पूछा, पेट्रोल खत्म? बोला, नहीं जी, गाड़ी में जान ज़्यादा आ गई है, आपके सामने किक नहीं मारूँगा." हवालदार हसला. "सियाना मुंडा है. हमने देखा, साइन कराया. उधर, वो खंभे तक धकेल के ले गया, वहाँ जाके स्टार्ट की."

"फिर?"

"फिर गया. आवाज़ आई थी थोड़ी देर. बहुत चिल्लाती है उसकी गाड़ी."

"कहाँ तक आई?"

हवालदाराने रस्त्याकडे पाहिलं. त्याला हे कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. "ये मैंने नहीं सुना," तो म्हणाला.

त्याने वही कंदिलाखाली धरली. गाडीचा नंबर, नाव, वेळ सहा वीस, आणि सही. गुरुनाथने खिशातली चिठ्ठी काढून शेजारी धरली. सही तीच होती. वहीत तिच्याखाली आणखी नऊ गाड्यांची नोंद होती.

नवतेज इथून निघाला होता आणि घराजवळच्या नाक्यावर पोहोचला नव्हता. मधे साडेतीन किलोमीटर रस्ता होता, आणि त्याला घराकडे जाताना डाव्या हाताला दोन वळणं फुटत होती, ती पाहायची राहिली होती. सात वाजून बावन्न मिनिटं झाली होती. गुरुनाथने स्कूटर त्या खांबापर्यंत हातानेच ढकलत नेली आणि तिथे किक मारली.