ओबेर्तँसाहेबांच्या पेंढ्या

पॅरिसहून गावात आलेला चित्रकार ओबेर्तँ पहिल्याच दिवशी शेतात राबणाऱ्या झेफिरीनच्या मनातून उतरला. लोकांनी घाम गाळायचा आणि यानं छत्रीखाली बसून 'आहाहा, काय प्रकाश!' करायचं. याला काम म्हणतात? आणि चित्रं तरी कसली, जवळून बघावं तर नुसते फराटे!

वर फुशारकी केवढी! "झेफिरीनबाई, मी दिसतं तेवढंच काढतो. एक रेघ पदरची नाही."

"मग चित्रात माझ्या हाताला चारच बोटं कशी हो?"

त्या ऑगस्टात ती सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेल्या ओंब्या, वेचत असतानाची चित्रं त्यानं खाणावळीच्या भिंतीवर लावली. पॅरिसचं गिऱ्हाईक ती बघत होतं, तेवढ्यात शिवाराचा राखणदार कॉलास आत आला आणि एका चित्रापुढे थबकला. चित्रात झेफिरीन ओंब्या वेचत होती आणि तिच्यामागे गव्हाच्या पेंढ्या उभ्या होत्या.

शेवटची पेंढी गाडीत चढल्याशिवाय सरव्याला शेतात पाय टाकायचा नाही, हा गावचा कायदा. मोडला तर वेचलेलं सगळं जप्त. कॉलासनं तिला पोत्यासकट बोलावलं. विधवा बाईचा हिवाळाभराचा पाव त्या एका पोत्यात होता.

"पेंढ्या उभ्या असताना घुसलीस?"

"शेत मोकळं झालं होतं! पेंढ्या यांनी मागाहून घातल्या, मागे ओकंबोकं दिसतं म्हणून. माझ्यादेखत! विचारा की साहेबांना."

गिऱ्हाइकानं भुवया उंचावल्या. "म्हणजे मनानं काढल्यात?"

ओबेर्तँनं झेफिरीनकडे पाहिलं, मग गिऱ्हाइकाकडे. "छे, छे. होत्या तिथं," तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण कॉलासला तेवढा पुरला. त्यानं पोतं उचलून बाहेर आपल्या गाडीत टाकलं.

झेफिरीन रडली नाही. असल्या माणसासमोर रडणं म्हणजे अश्रू फुकट घालवणं. ती दारापर्यंत गेली, तोच मागून हाक आली.

"झेफिरीनबाई, अशाच थांबा जरा! खांदे काय सुंदर पडलेत. दोनच मिनिटं." वही उघडून तो कोळशाची कांडी शोधू लागला होता.

ती परत आली आणि त्या कोऱ्या पानावर थुंकली.

"मेल्या, माझा पाव खाल्लास, आता खांदे पण हवेत?"