माथ्यावरचा नमस्कार

मी एक म्हातारी, दोन्ही गुडघ्यांनी मोडलेली घोडी आहे. मित्रांनो, कीव करू नका. कीव खाऊन माझं पोट भरत नाही. ऐका मात्र. त्यातून ज्यांनी कालपरवाच मुन्शिपालटीतून टांग्याचा पितळी बिल्ला आणलाय आणि आरशापुढून हलत नाहीत, त्यांनी तर कान उघडे ठेवा.

माझा जन्म घाटावरचा. धोंडीबाने मला कल्याणला आणलं. बारा वर्षं ठेसनापासून शिळेपर्यंत आमचा टांगा चालला. माझी चाल अशी, की उतारूच्या हातातल्या पानाचा चुना सांडायचा नाही.

शिळेच्या वाटेवर एक उभा चढ आहे, माथ्यावर शेंदूर फासलेली देवी. तिथे धोंडीबा उतरायचा, हात जोडायचा, सावकाश पुटपुटत राहायचा. तोवर मला दम मिळे. मग लगाम धरून तो उतारावर माझ्याबरोबर पायी चाले. घोडी दमली म्हटलं असतं तर उतारूंनी शिव्या घातल्या असत्या. देवीचं नाव काढलं की तेच मेले हात जोडायचे!

धोंडीबा वारला. त्याच्या पुतण्याने, महिपतने, नवा बिल्ला काढला. रोज चिंचेने घासायचा. मला पाणी दाखवायला मात्र विसरायचा. धोंडीबाची बायको रखमाबाई म्हणाली, "महिपत, माथ्यावर थांबत जा रे."

"काका देवभोळे होते, काकी. बिल्ला मला मिळालाय, देवीला नाही."

"तिला कशाला लागतोय? तिला अक्कल आहे."

शिळेचं पहिलंच भाडं. आत एक कारकून. माथ्यावर मी सवयीने थांबले.

"घोडी अडेल दिसते तुझी," कारकून हसला.

झालं! नव्या बिल्ल्याची लाज गेली. महिपतने चाबूक आधी पाठीवर ओढला, मग तोंडावर. मी निघाले. छातीत वारा नाही, मागून टांग्याचा रेटा. अर्ध्या उतारावर मी गुडघ्यांवर कोसळले. कातडं हाडापर्यंत सोललं. कारकुनाचा हात मोडला. महिपतचे पुढचे दोन दात रस्त्यावरच राहिले, आणि बिल्ला मुन्शिपालटीने काढून घेतला.

"हिला गोळी घालून टाकू, काकी," तो बोळक्या तोंडाने म्हणाला.

"घाल. पण ती उभी आहे. आधी तू उभा राहून दाखव."

म्हणून मी अजून रखमाबाईच्या दारात आहे, त्या चढाच्या पायथ्याला. इथून माथ्यावरचं सगळं दिसतं, ऐकूही येतं. लंगडी, पण आहे.

महिपत आता गवताच्या भाऱ्यांची हातगाडी ओढतो. त्याच चढावरून. गवताचा मालक शेट मागून छत्री टोचत चालतो. काल माथ्यावर पोचल्यावर महिपत थांबला, दांड्या खाली ठेवल्या आणि देवीपुढे हात जोडले. छाती भात्यासारखी हलत होती.

"काय रे, चल की!" शेट ओरडला.

"नमस्कार करतो, शेट," तो धापा टाकत म्हणाला.

"चढ आला की बरी भक्ती येते तुला!" शेटने छत्री टोचली.

बिल्लेवाल्यांनो, माझं जनावर का थांबलं, एवढंच विचारत जा. महिपतला कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी पायथ्याशी उभी राहून गवत चघळत होते.