तोफेच्या वाटेतला माणूस

दोरीपलीकडे गवतात बसलेल्या म्हाताऱ्यासमोर तोफ गुडघे टेकून बसला आणि त्याने हात मागे केला. त्याच्या काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या भाऊजींनी त्या हातात हातमोजा ठेवला.

गोल्फमधला शिरस्ताच होता तो. चेंडू प्रेक्षकाला लागला की माफी मागायची आणि सही केलेला हातमोजा द्यायचा. सगळ्यांत लांब टोला याचा, म्हणून लोक त्याला तोफ म्हणत. समोर कोण आहे ते तोफेने बघायचं नसतं, असं तो मुलाखतीत हसत सांगे.

म्हातारा निवृत्त शिक्षक, ‘शांतता राखा’ची पाटी धरायला हौसेने आलेला. खांद्यावर बर्फ दाबून त्याने सहीवरून अंगठा फिरवला.

“वाळलीय.”

“काय?”

“शाई. आधीच करून ठेवता?”

तोफेने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी ढगांकडे पाहिलं.

“किती आणता?”

“सहा,” तोफ म्हणाला. खोटं सुचेपर्यंत खरं बोलून झालं होतं.

“बरं,” म्हातारा म्हणाला, गृहपाठ विसरलेल्या मुलाला म्हणावं तसं. तोफेचे कान तापले.

खांद्यावरून उडालेला चेंडू झुडपात गेला होता. तो बाहेर काढण्यात एक फटका वाया गेला.

“लांबी लोक मोजतात रे,” भाऊजी पुटपुटले. “आपल्याला पडला तिथूनच मारावा लागतो.”

आता शेवटचा, अठरावा होल. चार फटक्यांत चेंडू खळग्यात गेला तर पुढच्या वर्षीच्या स्पर्धांत जागा. पाच लागले तर जागा गेली. वाटेत तळं. ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब काठीने सुरुवात केली, तरच दुसऱ्या फटक्यात ते ओलांडता येणार होतं.

तोफेने ड्रायव्हर काढला. दोन्ही बाजूंची गर्दी कुणी न सांगता दहा पावलं मागे सरली. एका बाईने पोराला पाठीशी घातलं. एकाने छत्री उघडली; ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता.

म्हाताऱ्याला चेंडू लागला तो सतरावा पट्टा आणि हा अठरावा शेजारीशेजारी, त्यामुळे त्याला फक्त तोंड फिरवायचं होतं. दूर दोरीशी तो एकटाच उरला होता, धड हाताने पाटी उंच धरून.

“मार,” भाऊजी म्हणाले.

“तो हलत नाहीये.”

“त्याचं कामच आहे ते.”

तोफ बराच वेळ चेंडूपाशी उभा राहिला. मग त्याने ड्रायव्हर परत दिला आणि लहान, लोखंडी काठी मागितली.

“दुसरा फटका तळ्यापलीकडे जाणार नाही हं.”

“माहीत आहे.”

चेंडू पट्ट्याच्या मधोमध पडला, एखाद्या कारकुनाने ठेवावा तसा. पाच फटके लागले.

हस्तांदोलनं उरकून तोफ आल्या वाटेने परत म्हाताऱ्याकडे गेला. काय बोलायचं, ते ठरलं नव्हतं.

“जागा गेली म्हणे तुमची,” म्हातारा म्हणाला.

“हो. पण तुम्ही जागचे हलला नाहीत. तेवढ्यासाठी आलो.”

म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला.

“कुणाला सांगू नका. मीही मागे सरणार होतो. पाय उचलेनात. अजून उचलत नाहीत.”

तोफ त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. लोक पांगले, दोऱ्या गुंडाळणारी माणसं आली आणि त्या दोघांना वळसा घालून पुढे गेली.