करवंदीच्या तळ्याकाठची छागळ

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी पाहिलेलं नसेल, म्हणून आधी ओळख सांगते. मी एक जुनी छागळ आहे. छागळ म्हणजे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. माझा रंग खाकी, तोंडाला लाकडी बूच आणि वर अडकवायला सुताची दोरी. माझ्या अंगातून सतत थोडं थोडं पाणी झिरपत असतं. वाऱ्याने ते सुकतं आणि त्यामुळे आतलं पाणी गार होतं. मला वीज लागत नाही, बर्फ लागत नाही. सावली आणि वारा मिळाला की माझं काम सुरू.

माझा जन्म पुण्यात, शनिवार पेठेतल्या वैजनाथकाकांच्या दुकानात झाला. दुकान एवढंसं, की काका आत बसले की गिऱ्हाईक बाहेरच उभं राहायचं. ते तबल्याच्या गवसण्या शिवत, ताडपत्र्या शिवत, पिशव्यांचे बंद दुरुस्त करत. छागळ आता कोणी मागत नाही हे त्यांना माहीत होतं. तरी वर्षातून एखादी ते शिवायचेच. दोऱ्याला मेण लावून, एकेक टाका ओढून त्यांनी मला शिवलं आणि दारावर टांगलं. तिथे मी सात-आठ महिने धूळ खात लटकले होते.

एके दिवशी ललिताताई आल्या. त्या शहर बसमध्ये कंडक्टर आहेत. तिकिटाच्या मशीनचा तुटलेला पट्टा शिवून घ्यायला त्या आल्या होत्या, पण त्यांची नजर माझ्यावरच खिळली.

"काका, ही विकायची आहे?" त्यांनी विचारलं.

"दारावर टांगलीय म्हणजे विकायचीच असणार," काका मान वर न करता म्हणाले.

"गळत नाही ना?"

"पहिला दिवस गळेल. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, दोरे फुगले की थांबेल. नवीन कामावर कोणीही जरा गडबडतंच."

ललिताताई हसल्या. मग मला हातात घेऊन म्हणाल्या, "माझे वडील ट्रक चालवायचे. त्यांच्या ट्रकला पुढे अशीच असायची. आम्ही भावंडं तिच्यातलं पाणी प्यायला भांडायचो."

आता मात्र काकांनी मान वर केली. ललिताताईंना पिशवी नको होती, मीच हवी होते, हे त्यांना समजलं असावं. त्यांनी माझी दोरी सोडवून नवी, जाड दोरी बांधून दिली.

अशी मी वाघोलीला आले. तिथे एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर ललिताताई, त्यांचे यजमान दशरथराव आणि नऊ वर्षांची आम्रपाली राहतात. दशरथराव सरकारी कचेरीत लिपिक आहेत. घरात बसून पंख्याखाली वर्तमानपत्र वाचणं हा त्यांचा सुट्टीचा आवडता बेत. ललिताताईंचं उलटं. आठवडाभर गर्दीत उभं राहून, सुट्ट्या पैशांवरून वाद ऐकून त्यांचे कान किटलेले असत. त्यांना कुठेतरी शांत जायचं होतं. कोणीतरी त्यांना करवंदीच्या तळ्याबद्दल सांगितलं होतं. पुण्यापासून तीन-साडेतीन तासांवर, राखीव जंगलात. वनखात्याच्या चौकीत नाव लिहायचं आणि तळ्याकाठी आपला तंबू लावून राहायचं. राहण्याचे पैसे नाहीत.

"फुकट आहे अहो," ललिताताई म्हणाल्या.

"तिथे काहीच नाही, म्हणून फुकट," दशरथराव म्हणाले. "नळ नाही, दिवा नाही, संडास नाही. नसलेल्या गोष्टींचे पैसे कोण घेणार?"

पण जानेवारीत ते गेले, आणि मीही गेले.

चौकीवर बद्रीनाथ नावाचा वनरक्षक होता. बुलढाण्याकडचा, उंच, सावळा, बोलायला मोकळा. त्याने वहीत नावं लिहून घेतली आणि नियम सांगितले. "जमिनीवर चूल पेटवायची नाही, स्टोव्ह वापरा. पाणी उकळूनच प्या बरं ताई. साबण तळ्यात नका घालू. संडासला पाण्यापासून शंभर पावलं दूर जा, खड्डा करा अन् बुजवा. अन् जे आणलं ते समदं परत घेऊन जा."

"समदं?" आम्रपालीने विचारलं. "केळ्याचं सालसुद्धा?"

"हाव, सालसुद्धा. इथे केळीचं झाड कुठे दिसलं का तुला?"

तळ्याकाठी एका जांभळाच्या फांदीला ललिताताईंनी मला टांगलं. स्टोव्हवर उकळून निववलेलं पाणी माझ्यात भरलं. समोर पसरलेलं पाणी, त्यात बुड्या मारणारे टिबुकलीसारखे इवले पाणपक्षी, पलीकडे गवताचा उतार. तो सगळा वारा माझ्या अंगावरून जात होता. मित्रांनो, दुकानाच्या दारावर लटकताना आपण कशासाठी आहोत हे मला ठाऊकच नव्हतं. ते त्या दिवशी कळलं.

दुपारी दशरथराव बूच काढून पेलाभर पाणी प्यायले. मग आणखी एक पेला. थोडा वेळ ते तळ्याकडे बघत राहिले.

"बरं आहे," ते म्हणाले.

ललिताताईंनी आम्रपालीकडे बघून डोळे मिचकावले. दशरथरावांच्या तोंडून याहून मोठी स्तुती घरात कोणी ऐकली नव्हती.

त्यानंतर सलग तीन जानेवारी आम्ही तिथे गेलो. दशरथराव दर वेळी निघताना कुरकुरत आणि दर वेळी परतायच्या दिवशी तंबू काढायला उशीर लावत. परतल्यावर ललिताताई मला उलटी टांगून खडखडीत वाळवत आणि मगच ठेवत.

चौथ्या वर्षी दिवाळीत घरी एक मोठा निळा जार आला. जाड भिंतींचा, खाली तोटी असलेला. त्यात सकाळी बर्फ घातला की संध्याकाळपर्यंत पाणी थंड राहायचं. जानेवारीत तोच तळ्यावर गेला. मीही सोबत होते, पण माझ्यातलं पाणी फक्त हात धुवायला वापरलं. परत येताना घाई होती. ललिताताईंना दुसऱ्या दिवशी पहाटेची पाळी होती. कोणीतरी मला ओलीच गुंडाळून माळ्यावर टाकलं.

तिथे मी सव्वा वर्ष पडून होते. मला बुरशी धरली. अंगावर काळे ठिपके पडले. एका उंदराने माझा खालचा कोपरा कुरतडला. खाली घरातले आवाज ऐकू यायचे. आम्रपालीचा आवाज मोठा होत चाललेला कळायचा. मी रागावले नव्हते. एवढंच वाटायचं, की कोणीतरी मला एकदा उन्हात न्यावं.

एप्रिलमध्ये सोसायटीत दोन दिवस टँकर आला नाही. तिसऱ्या दिवशी तो येणार कळल्यावर ललिताताई म्हणाल्या, "माळ्यावरची सगळी भांडी काढ गं. मिळेल तेवढं भरून ठेवू." पातेली काढता काढता आम्रपालीच्या हाताला मी लागले. चौदा वर्षांची झाली होती ती.

"अगं बाई, हिचं काय झालंय!" ती म्हणाली.

"टाकून दे," दशरथराव खालून म्हणाले. "वास येतोय."

"बाबा, टाकायची नाहीये. दुरुस्त करायचीये."

रविवारी मायलेकी मला घेऊन शनिवार पेठेत गेल्या. वैजनाथकाका थकले होते, चष्म्याची काच जाड झाली होती. त्यांनी मला उलटसुलट पाहिलं.

"ओली घडी घालून ठेवली होती?"

"हो," आम्रपाली हळूच म्हणाली.

"स्वतःचे कपडे ठेवता का असे?"

काकांनी मला सोड्याच्या पाण्यात भिजवलं, ब्रशने घासलं, दोन दिवस उन्हात टांगलं. कुरतडलेल्या कोपऱ्यावर त्यांनी हिरव्या कॅनव्हासचं ठिगळ लावलं, दुहेरी टाका घालून. "खाकी संपलंय," ते म्हणाले. "पण हे तिच्याइतकंच जाड आहे." काळे ठिपके तसेच राहिले. मला त्यांचं काही वाटलं नाही.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला जोडून सुट्टी आली. सकाळी विहारात वंदना झाली, खीर खाऊन झाली आणि तिघं तळ्याकडे निघाले. इतक्या उन्हाळ्यात आम्ही कधी गेलो नव्हतो. तळं निम्म्यावर आलं होतं. गवत पिवळं पडून कुरकुरत होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास दशरथराव आणि आम्रपाली पलीकडच्या काठाला पक्षी बघायला निघाले. जार जड, म्हणून आम्रपालीने मला खांद्याला अडकवलं. अर्ध्या तासाच्या वाटेवर एका वळणाला त्यांना जळल्याचा वास आला. पुढे गेल्यावर गवताचा मोठा काळा पट्टा दिसला. आग विझलेली होती. पट्ट्याच्या टोकाला, भर उन्हात, एक माणूस आडवा पडला होता. हातात अजून पाल्याची फांदी होती.

"बाबा, बद्रीनाथकाका!"

सकाळी धूर दिसला म्हणून तो एकटाच धावत आला होता. कोणीतरी मुक्काम करून गेलं होतं आणि विस्तव तसाच सोडला होता. झोडपून झोडपून त्याने आग विझवली, पण ऊन त्याला बाधलं. त्याची प्लॅस्टिकची बाटली रिकामी पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि तो काहीतरी तुटक बरळत होता.

दशरथरावांनी खिशातून फोन काढला. तिथे रेंज नसते. त्यांनी तो परत ठेवला आणि एक क्षण मुलीकडे पाहिलं.

"तू धावू शकशील?"

"हो."

"आईला सांग, आपली गाडी तळ्याच्या बंधाऱ्यापर्यंत आण. पाण्याच्या कडेकडेने जा. टोपी घाल, आणि आधी दोन घोट पी."

ती पळाली. दशरथरावांनी बद्रीनाथच्या काखेत हात घालून त्याला ओढत करंजाच्या सावलीत नेलं. स्वतःचा गुडघा दुखतो म्हणून जिना टाळणारा माणूस तो! त्यांनी बद्रीनाथच्या शर्टाची बटणं काढली आणि माझ्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर ओतलं. मी रिकामी झाले. मग ते मला घेऊन तळ्याकडे उतरले, भरून वर आले, पुन्हा ओतलं. तळं आटल्यामुळे उतार लांब झाला होता आणि काठाच्या चिखलात त्यांच्या चपला रुतत होत्या. त्यांनी चपला सोडल्या आणि तापलेल्या खडकांवरून अनवाणीच फेऱ्या मारू लागले.

मला एकच भीती होती, ठिगळाची. माझ्यात चार लिटर पाणी मावतं. भरलेली मी त्यांच्या हाताला हिसके देत होते आणि ठिगळ दर वेळी ताणलं जात होतं. त्याचा एक टाका सुटला असता तर अर्धं पाणी वाटेतच सांडलं असतं. एकही सुटला नाही. पाचव्या फेरीनंतर दशरथरावांनी मला भरून बद्रीनाथच्या छातीवर आडवी ठेवली आणि टोपीने वारा घालत बसले. माझं ओलं अंग त्याच्या अंगाला चिकटलं होतं. त्याच्या छातीची धडधड मला जाणवत होती, फार वेगाने चाललेली. मी जेवढं झिरपता येईल तेवढं झिरपत होते.

बऱ्याच वेळाने ती धडधड थोडी संथ झाली. त्याने डोळे उघडले.

"साहेब, विस्तव विझला का?"

"विझला. तू विझवलास," दशरथराव म्हणाले. त्यांनी त्याची मान हाताने उचलून धरली. "उकळलेलं नाही, पण आता एक-एक घोट घे. घाई करू नकोस."

ललिताताई आणि आम्रपाली आल्या तेव्हा दशरथरावांच्या तळपायांना फोड आले होते. ललिताताईंना नोकरीत प्रथमोपचार शिकवलेले. त्यांनी साखर-मिठाचं पाणी चमच्याने पाजलं, मग तिघांनी धरून बद्रीनाथला गाडीत घातलं. गावातल्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी त्याला तपासून सलाइन लावलं.

"गाडी येईपर्यंत याला गार कोणी ठेवलं?" त्यांनी विचारलं. "नाहीतर अवघड होतं."

"हिने," दशरथराव म्हणाले.

"मुलीने?"

"मुलगी धावली, म्हणून गाडी आली. गार ठेवलं ते हिने." आणि त्यांनी मला वर उचलून दाखवलं. माझ्यातून त्यांच्या लेंग्यावर पाणी ठिबकत होतं. मित्रांनो, माझ्या अंगावर काळे डाग होते, कोपऱ्याला हिरवं ठिगळ होतं, पण त्या घटकेला मला कोणी नवी करकरीत करतो म्हटलं असतं तरी मी नको म्हटलं असतं.

तीन दिवसांनी बद्रीनाथ चौकीवर परतल्याचा निरोप आला. पुढच्या जानेवारीत आम्ही तिघांच्या सोबत तळ्यावर गेलो, जार आणि मी. निघायच्या दिवशी आम्रपाली मला घेऊन चौकीत गेली.

"काका, ही तुम्ही ठेवा. गस्तीला जाताना सोबत न्या."

"नाही गं पोरी, तुमच्या घरची वस्तू आहे."

"आमच्या घरी फ्रीज आहे," ती म्हणाली. एवढं म्हणताना तिचे डोळे भरून आले होते, हे मी पाहिलं. तिने माझी दोरी बद्रीनाथच्या खांद्यावर चढवली, लांबी कमी केली आणि एक गाठ मारली.

तेव्हापासून मी इथेच राहते. रोज सकाळी बद्रीनाथसोबत तळ्याला फेरी मारते. दुपारी चौकीच्या वळचणीला लटकते, आणि येणारीजाणारी मुलं मला हात लावून बघतात, बोट ओलं झालं की हसतात. वर्षातून एकदा आम्रपाली येते. माझ्यातलं पाणी पिते, कोपरा तपासते आणि माझ्या शेजारी पायरीवर बसून राहते. मला आणखी काय हवं?

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी वस्तू कुठेतरी पडून असेल. तिला बाहेर काढा, ऊन दाखवा, एक टाका घालून पाहा. आणि कधी एखाद्या तळ्याकाठी मुक्कामाला गेलात, तर राहा मजेत, हसा, पाण्यात पाय सोडून बसा. निघताना मात्र एकदा मागे वळून बघा. ना कचरा, ना राख, आपण नेमके कुठे राहिलो होतो हे तुम्हालाच ओळखू आलं नाही, तर खुशाल पुन्हा या. तळं तुमची वाट बघेल.