वाचनालयात झोपू नये

वाचनालयात झोपू नये, हा नियम काही टकटकबाईंनी केलेला नव्हता. पण सव्वीस वर्षं तो पाळून घेतला तो त्यांनीच, आणि असा पाळून घेतला की विचारू नका. वाचनकक्षात कोणाची मान जरा कलली, की बाई आपल्या टेबलामागून उठायच्या आणि त्या माणसापुढच्या लाकडावर पेन्सिलीनं दोनदा वाजवायच्या. टक, टक. माणूस दचकून सरळ व्हायचा, घसरलेला चष्मा वर करायचा, आणि बाई परत आपल्या जागेवर. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं. बाकी सगळ्यांना त्या टकटकबाई.

नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, तरी माणूस वाईट नव्हता हो. ज्याला अर्ज भरता येत नाही त्याचा अर्ज भरून देणार, चष्मा विसरलेल्याला आपला चष्मा देणार, आणि वर चार शब्द ऐकवणार. "डोळे घरी ठेवून आलात, डोकं तरी आणलंय ना?"

सगळ्यात जास्त टकटक वाट्याला यायची ती कंडक्टरकाकांच्या. बसमधून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, काडीसारखे बारीक. लेक शिवणाच्या कारखान्यात कामाला होती. सकाळी जाताना ती त्यांना दारात सोडायची आणि सहाला, वाचनालय बंद व्हायच्या वेळी, न्यायला यायची. कायम घाईत. संध्याकाळी बाईंना दारातूनच मान हलवायची आणि पळायची. बाई मनात म्हणायच्या, बघा, बापाला आणून टाकते रोज, पाळणाघर समजलीय!

काका पेपर उघडायचे आणि तिसऱ्या पानापर्यंत त्यांचे डोळे मिटलेले असायचे.

"बाई, पस्तीस वर्षं मी लोकांना उठवलं, शेवटचा स्टॉप आला, उतरा म्हणून," ते डोळे चोळत म्हणायचे. "त्या सगळ्यांचे तळतळाट भोवतायत मला."

"मग उतरा तुम्हीही," बाई म्हणायच्या. "नाहीतर डोळे उघडे ठेवा."

सगळा कक्ष हसायचा. काकाही हसायचे. दिवसातून आठ-दहा वेळा तरी हे चालायचं.

मग नवे ग्रंथपाल आले. वयानं बाईंच्या धाकट्या भावापेक्षाही लहान, पण उत्साह दांडगा. वाचनालय म्हणजे नुसती कपाटं नव्हेत, असं म्हणत त्यांनी वर्षभरात कायकाय सुरू केलं. म्हाताऱ्यांसाठी संगणकाचा वर्ग, लहान मुलांसाठी गोष्टींचा शनिवार, अर्ज भरून द्यायला वेगळं टेबल, आणि रोज दुपारी दोन वाजता ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पेपरचं मोठ्यानं वाचन. ते वाचन साहेबांनी बाईंकडे दिलं. बाईंनी आधी कुरकुर केली आणि चार दिवसांत त्यात रमल्या. मरणाच्या बातम्या झटपट उरकायच्या आणि भांडणाच्या बातम्या रंगवून वाचायच्या. दहा-बारा म्हातारे-म्हाताऱ्या कान देऊन बसायचे.

साहेबांनी दाराशी एक सूचनापेटीही लावली होती. तीच नडली.

एक दिवस त्यांनी बाईंना आत बोलावलं. समोर चिठ्ठी होती. कोणीतरी लिहिलं होतं की त्या टेबलाच्या बाई झोपलेल्या म्हाताऱ्या माणसांना गुरं हाकल्यासारख्या उठवतात, बघवत नाही.

"बाई, रागावू नका," साहेब म्हणाले. "पण लोक इथे विसाव्यालाही येतात. घरी जागा नसते, शांतता नसते. जरा मायेनं घ्या."

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. सव्वीस वर्षं! एक पुस्तक गहाळ नाही, एक दिवस उशीर नाही, आणि आता माया शिकायची ती कालच्या पोराकडून! घरी जाऊन धाकट्या जावेवर उगाच खेकसल्या आणि जेवल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला वाचन सुरू झालं. सव्वादोनला काकांची मान कलली. बाईंचा हात सवयीनं पेन्सिलीकडे गेला आणि थांबला. मायेनं घ्या म्हणे. बरं, घेते!

आता खरं सांगायचं तर तेव्हा बाईंच्या मनात नुसती माया नव्हती. रुसव्याचा फुगाही होता. बघा म्हणावं साहेब, घोरतोय तुमचा वाचक, लावा आता ओळीनं खाटा. पण दोनचार मिनिटांनी त्यांनी काकांकडे नीट पाहिलं आणि फुगा उतरला. किती दमलेला चेहरा होता तो! डोळ्यांखाली काळं, ओठ उघडे. या माणसाला आपण इतके दिवस का छळलं, असं त्यांना वाटून गेलं. मग जे केलं ते मात्र मनापासून केलं. काकांच्या कपाळावर घाम आला होता, तर उठून पंखा त्यांच्याकडे वळवला. खिडकीतलं ऊन तोंडावर येत होतं, पडदा ओढला. आणि वाचन हळू आवाजात सुरू ठेवलं.

"ऐकू येत नाही हो," मागून निवृत्त पोस्टमास्तर ओरडले. त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं.

"श्शू! पुढे येऊन बसा. काका झोपलेत."

म्हातारे आपापल्या खुर्च्या अलगद उचलून पुढे आले. सरकवल्यासुद्धा नाहीत, आवाज होईल म्हणून. एका आजींनी आपली शाल काढून काकांच्या गुडघ्यांवर टाकली. तासभर सगळ्यांनी हळू आवाजातला पेपर ऐकला. बाईंना फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत असं कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवशी बाई घरच्या कामासाठी पाचलाच निघाल्या. संध्याकाळच्या शिपायाला त्या जाताना म्हणाल्या, "काकांना उठवू नकोस हं. लेक आली की उठतील."

सहाला लेक आली. तिनं हाक मारली, हलवलं, गालावर थापट्या मारल्या. काका उठले नाहीत.

बाईंना हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. काकांना मधुमेह होता. रोज सकाळी सुई टोचून घ्यायचे आणि अधूनमधून त्यांची साखर एकदम खाली जायची. त्या दुपारी तशीच गेली होती. दवाखान्यात आणलं तेव्हा फार उशीर झाला होता. तीनच्या सुमाराला कोणी उठवलं असतं, पेलाभर साखरेचं पाणी पाजलं असतं, तर घरी चालत गेले असते, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी काका गेले.

बाईंना एकच आठवत राहिलं. तो घाम! आपण त्या घामावर पंखा फिरवला. घरी त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. साहेबांनी सगळ्यांना बोलावून, यात कोणाची चूक नाही, असं सांगितलं, पण सांगताना त्यांचाच आवाज कापत होता. दुपारचं वाचन बंद पडलं. बाई पेपर उघडायच्या आणि पहिली ओळच पुढे सरकायची नाही.

दोन आठवड्यांनी काकांची लेक आली. भर दुपारी, म्हणजे कारखान्यातून रजा काढून. हातात काकांचं वाचनालयाचं कार्ड आणि त्यांनी घरी नेलेलं एक पुस्तक होतं. बाईंच्या टेबलापुढच्या खुर्चीवर बसली. बाईंनी पहिल्यांदाच तिला बसलेली पाहिली. जवळून बघता ती तिशीचीही नव्हती.

"हे द्यायला आले," ती म्हणाली. "आणि तुम्हाला भेटायला. आजवर बोलायला कधी वेळच झाला नाही."

बाईंनी पुस्तक उघडून परतीची तारीख बघितली.

"बाबा आधी घरीच असायचे. एकदा दुपारी असेच झोपून राहिले. शेजारणीनं दार वाजवलं म्हणून वाचले. मला कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत. मग त्यांना ठेवायचं कुठे? बागेतली बाकं बघितली, ज्येष्ठांचं विश्रामगृह बघितलं. सगळीकडे म्हाताऱ्या माणसाला झोपू देतात, ताई. फक्त इथे पाटी दिसली, झोपू नये म्हणून. पाटीचं काय, पाट्या सगळीकडे असतात. म्हणून पहिल्या दिवशी अर्धा तास मी बाहेर जिन्यात उभी राहून तुम्हाला बघत होते. तुम्ही तेवढ्यात तिघांना उठवलंत. मग निश्चिंत होऊन कामावर गेले."

बाईंना आठवलं, पाळणाघर समजलीय असं म्हणत होतो आपण हिला.

"मला सांगायचं नाही का गं?" त्या कशाबशा म्हणाल्या. "एका शब्दानं तरी!"

"बाबांनी शपथ घातली होती. म्हणाले, टकटकबाई सगळ्यांसारखंच मलाही रागावतात, मला बरं वाटतं. आजार कळला की कीव करतील." ती जरा हसली. "रोज जेवताना तुमच्या गोष्टी सांगायचे. आज दहा वेळा, आज बारा वेळा. मी रात्री दर दोन तासांनी उठवायचे, दिवसा तुम्ही. दोघी मिळून जगू देत नाहीत मला, म्हणायचे."

साहेब मघाशीच बाहेर येऊन कपाटाशी उभे होते. लेकीनं कार्ड टेबलावर ठेवलं आणि त्यावर हात तसाच राहू दिला.

"त्या दिवशी तुम्ही रजेवर होतात ना?" ती म्हणाली. "मी आले तेव्हा शिपाईच होते. मी म्हटलं, नेमक्या त्याच दिवशी ताई नव्हत्या, आमचं नशीब, दुसरं काय."

साहेब झटकन पुढे आले. "हो, त्या दिवशी बाई..." त्यांनी सुरुवातही केली. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. एक हो म्हणायचं होतं. साहेब तर त्यांच्या वतीनं म्हणायलाही तयार होते.

"नाही गं बाळा," बाई म्हणाल्या. "मी होते. पाचपर्यंत इथेच होते."

लेकीनं मान वर केली.

"सव्वादोनला झोपले ते. मी बघितलं. घाम आलेला पण बघितला. वाटलं, दमलेत, झोपू दे. पडदा ओढला मी. आणि जाताना शिपायाला सांगून गेले, उठवू नकोस म्हणून."

साहेबांनी सांगितलं होतं, चिठ्ठी आली होती, हे ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

मग लेक अगदी हळू म्हणाली, "रात्री हात जोडायचे माझ्यापुढे. एकदा तरी झोपू दे गं, म्हणायचे. बाप हात जोडायचा, ताई. माझं काळीज तुटायचं. पण मी नाही झोपू दिलं. दोन वर्षांत एकदाही नाही."

बाई तिच्या हातावर हात ठेवायला गेल्या, तर तिनं हात मागे घेतला. रागानं नाही. उठून उभी राहिली.

"तुम्ही नव्हतात असंच धरून बसले होते मी," ती म्हणाली. "तुम्ही असतात तर वाचले असते, एवढंच मनाला सांगत होते रोज. आता काय सांगू?"

ती जिना उतरून गेली.

"बाई, कशाला सांगितलंत?" साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तिला काय मिळालं? तुम्हाला तरी काय मिळालं?"

"काही नाही मिळालं, साहेब," बाई म्हणाल्या. "पण बापाच्या शेवटच्या दुपारचं तिनं मला विचारलं. दुसरं कोणाला विचारणार होती ती?"

आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू त्यांना तिथेच, भरल्या वाचनकक्षात, सगळ्यांसमोर फुटलं.