गाळलेलं वाक्य

गोकुळने कादंबरी मधोमध उघडली, गुडघ्यावर उलटी दाबली आणि धागा कापायच्या ब्लेडने तिची पाठ वरपासून खालपर्यंत चिरली. पुढची एकशे बारा पानं सुकदेवच्या हातात दिली, मागची स्वतःकडे ठेवली. सुकदेव बघतच राहिला. पुस्तकाला चुकून पाय लागला तर ते कपाळाला लावायचं, अशा घरातला तो; आणि इथे त्याच्या मित्राने भेंडी चिरावी तशी विद्यापीठाने नेमलेली कादंबरी चिरली होती.

"पाप लागतं भो," सुकदेव म्हणाला.

"नापास झाल्यावर लागतं ते याच्याहून मोठं," गोकुळ म्हणाला आणि आपला भाग डब्याच्या पिशवीत घालून कामावर गेला.

दुसरा इलाजही नव्हता. सिल्वासाजवळच्या नरोलीत एका खोलीत दोघं एकत्र राहत, पण नुसतं म्हणायला. कृत्रिम धाग्याच्या कारखान्यात दोघं एकाच मशीनवर होते. सुकदेव सकाळी सातला लागे, त्याला तीनला गोकुळ सोडवी आणि गोकुळला अकराला तिसरा, अनंत. मशीन सुरळीत चाललं तर पाळीत पाच-दहा पानं चोरून वाचून होत, म्हणून कामावर असलेल्याला पुस्तक हवं असे. आणि खोलीवर असलेल्याला तर हवंच असे. परीक्षा दोन महिन्यांवर आलेली आणि प्रत एकच. दोघं भेटत ते पाळी बदलताना, दहा मिनिटं, तेही मशीनच्या आवाजात कानाशी तोंड नेऊन बोलत.

अमळनेरजवळच्या एकाच गावातले, एकाच बाकावरचे. कॉलेजची दोन वर्षं बरोबर काढली, तिसरं वर्ष पोटामागे सुटलं आणि दोघं एकाच ट्रंकेत कपडे घालून सिल्वासाला आले. आता बाहेरून बी. ए.चं शेवटचं वर्ष द्यायचं, मग बी. एड. करायचं. गावात हायस्कूल निघणार अशी बोलवा होती. तिथे एकाने मराठी शिकवायचं, दुसऱ्याने इतिहास. कोणी काय शिकवायचं यावर दोघं भांडलेसुद्धा होते. बाजारात तुरी, म्हणतात तसं. पण त्या भांडणावर दोघांनी नरोलीतली तीन वर्षं काढली होती, हेही खरं.

गोकुळ हुशार होता. हे सुकदेवला चौथीपासून ठाऊक होतं आणि गोकुळ ते कधी दाखवत नसे, त्यामुळे ते जास्तच बोचे.

मार्चच्या सुरुवातीला दोन गोष्टी कळल्या. पुढच्या वर्षीपासून अभ्यासक्रम बदलणार होता, म्हणजे यंदा जो बसणार नाही त्याने सगळ्या विषयांची पुस्तकं नव्याने आणून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायची. आणि कारखान्यात एका मशीनवरून एका वेळी एकालाच मोठी रजा मिळे. दोघांनी ठरवलं की दहा तारखेला पाळी बदलताना सुपरवायझरकडे बरोबर जायचं आणि दोघांसाठी गळ घालायची. नाहीच ऐकलं तर तिथेच त्याच्यासमोर चिठ्ठ्या टाकायच्या. गोकुळने चिठ्ठ्या करूनही ठेवल्या.

सुकदेव आठ तारखेलाच गेला.

असं का केलं, हे त्याला त्या दिवशी विचारलं असतं तर त्याने सरळ सांगितलं असतं. गोकुळ पुढच्या वर्षी नवी पुस्तकं घेऊनही पास होईल. आपण हीच पुस्तकं वर्षभर घोकली तेव्हा कुठे डोक्यात शिरली, दुसरी शिरायची नाहीत. हे खरंच होतं. पण खरं होतं म्हणून ते चोरून करायला हवं होतं असं नव्हे, आणि हे त्याला त्या दिवशीही कळत होतं. सुपरवायझर अरविंदभाईंनी रजेच्या वहीत त्याचं नाव लिहिलं, पुढे तारीख टाकली. सुकदेव त्यांना हळूच म्हणाला की गोकुळसमोर हा विषय काढू नका. अरविंदभाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

दहाला दोघं गेले. गोकुळने भांग नीट पाडला होता. त्याने बोलायला सुरुवात केली तोच अरविंदभाईंनी हात वर केला.

"बे जण जाय तो मशीन कोण चलावशे? एक ही जायेगा. सुकदेव जायेगा. बस."

गोकुळचा हात खिशातल्या चिठ्ठ्यांवर होता, तो तिथेच राहिला. आणि सुकदेवने काय करावं? डोळे मोठे केले. "साहेब, मग गोकुळलाच जाऊ द्या," म्हणाला. एकदा नाही, दोनदा म्हणाला. पुढे कित्येक वर्षं त्याला आपला तो आवाज आठवला की अंगावर पाल पडल्यासारखं होई.

रजेवर जाणाऱ्याच्या जागी जो दुप्पट पाळी करणार त्याने वहीत त्या नोंदीखाली सही करायची, असा तिथला रिवाज होता. अरविंदभाईंनी वही गोकुळपुढे सरकवली. गोकुळने सही करायला जरा वेळ लावला. सुकदेवला वाटलं, याची सवयच आहे, किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा हा वाचल्याशिवाय टाकत नाही.

त्यानंतर गोकुळ अभ्यासाला असा लागला की जणू परीक्षा त्याचीच आहे. रोज दुपारी तीनला मशीनपाशी तो सुकदेवच्या हातात एकेक लिहून आणलेलं उत्तर ठेवी. बॉबिनच्या पेट्यांत येणाऱ्या जाड कागदाच्या मागच्या बाजूला, बारीक, सरळ अक्षरात. कादंबरीचा मागचा भाग त्याच्याकडेच होता. सुकदेवने तो मागितला नाही, मागायला तोंडच नव्हतं. पुढचा भाग त्याला पाठ होता आणि मागच्या भागावरची उत्तरं आयती मिळत होती. तो घोकत गेला.

कादंबरी जुनी होती, मिठागरावर राबणाऱ्या धाकू आणि विठू या दोन मित्रांची. दोघांना मिळून एक छोटं गलबत घ्यायचं असतं. ते होत नाही. शेवटी एका मोठ्या गलबतावर एकाच खलाशाची जागा निघते, धाकू जातो, विठू मिठात उभा राहतो. हा शेवट सुकदेवला गोकुळच्या तोंडून आणि अक्षरातून माहीत झाला होता. सगळ्यात मोठं उत्तर गोकुळने शेवटी दिलं: धाकूने मित्राचा विश्वासघात केला, असे म्हणता येईल काय? चार कागद भरून. हा प्रश्न येणार म्हणजे येणार, असं त्याने कानाशी ओरडून सांगितलं. सुकदेवने तेही घोकलं. अर्थाकडे त्याचं फारसं लक्ष नव्हतं, कुठल्या परिच्छेदानंतर कुठला येतो याकडे होतं.

निघायच्या दिवशी गोकुळ कामावर होता. कादंबरीचा मागचा भाग त्याने सुकदेवच्या पिशवीवर ठेवला होता, वर सुतळी बांधून.

वापीहून सुरत, सुरतेहून भुसावळची पॅसेंजर. खिडकीची जागा मिळाली. नंदुरबार मागे पडेपर्यंत सुकदेवने मागचा भाग पहिल्यांदाच वाचून काढला, आणि शेवटचं पान झाल्यावर पुन्हा उलटा चाळायला लागला. त्याला एक जागा सापडत नव्हती. गोकुळच्या उत्तरात दुसऱ्याच परिच्छेदात होतं: 'बरोबर जायचे ठरलेले असताना धाकू दोन दिवस आधी एकटाच तांडेलाकडे गेला आणि आपले नाव लावून आला, हे खरे आहे.' पुस्तकात असं काही नव्हतंच. पुस्तकात तांडेल, म्हणजे गलबताचा प्रमुख, स्वतः किनाऱ्यावर येतो, धाकूला हाक मारतो, आणि विठूच त्याचं बोचकं बांधून देतो. सुकदेवने ती वीस पानं तीनदा वाचली. गोकुळ वाचण्यात चुकेल, हे शक्य नव्हतं.

मग त्याला रजेची वही आठवली. नावापुढची तारीख आठवली. सही करायला लागलेला वेळ आठवला.

समोरच्या बाकावरची बाई त्याला विचारत होती की बरं वाटत नाही का, पाणी देऊ का. त्याने मान हलवली. त्याला लाज वाटत होती, साधी, सरळ, उघड्यावर पकडल्यासारखी लाज. डब्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे असं वाटायला लावणारी. चोराच्या मनात चांदणं. त्याने गोकुळचे चारही कागद काढले आणि ते उत्तर पहिल्यांदा अर्थ लावून वाचलं.

गोकुळने धाकूला सोडवलं होतं. तेही वरवर नव्हे, एखाद्या वकिलाने जीव तोडून सोडवावं तसं. ज्याला मागे पडायची धास्ती असते तोच आधी धावतो, असं लिहिलं होतं. विठूला वाट पाहणे परवडत होते, धाकूला परवडत नव्हते. आणि हे विठूला कळत होते, म्हणून तो रागावला नाही, असं लिहिलं होतं. शेवटी होतं की विश्वासघात परक्याचा होतो, धाकूने केली ती घाई.

तिसऱ्या दिवशी तो पेपर होता. प्रश्न दुसरा, वीस गुण. शब्द न् शब्द तोच.

सुकदेवने पहिला परिच्छेद झरझर लिहिला. दुसऱ्याशी आला आणि पेन थांबलं. पुस्तकात नसलेला प्रसंग लिहिला तर तपासणारा गुण कापणार, हे उघड होतं. पण लिहिणार नसेल तर पुढची सगळी क्षमा कशाबद्दल? प्रामाणिक माणसाने तिथे एकतर उत्तर सोडलं असतं, नाहीतर स्वतःच्या अकलेने वेगळं लिहिलं असतं. सुकदेवने घड्याळाकडे पाहिलं. मग ते एक वाक्य गाळलं. त्याच्यापुढचं वाक्य 'परंतु'ने सुरू होत होतं, तो परंतुही गाळला, आणि बाकीचं उत्तर काना-मात्रेसकट उतरवून काढलं. पुरवणी मागावी लागली. ती देताना पर्यवेक्षक सर कौतुकाने हसले.

आठ दिवसांनी दुपारी तीनला तो मशीनपाशी उभा राहिला. त्या आठवड्यात पाळ्या फिरल्या होत्या, आता तो गोकुळला सोडवणार होता. गोकुळचे पाय सुजले होते. त्याने चपलांचे पट्टे सोडून ठेवले होते आणि डोळे लाल होते, पण सुकदेवला बघून तो हसला, नेहमीसारखाच.

"तो प्रश्न आला व्हता का?" त्याने कानाशी येऊन विचारलं.

"आला."

"मी दिलं तसंच लिहिलं?"

सुकदेवने हो म्हणायचं ठरवलं होतं. गाडीत, बसमध्ये, खोलीवर अंघोळ करताना, सगळीकडे तेच ठरवलं होतं.

"एक वाक्य सोडलं," तो म्हणाला. "पुस्तकात नव्हतं ते."

गोकुळने तुटलेला एक धागा जोडला, बॉबिन बसवली, हात पँटला पुसले. घाई नव्हती त्याला.

"नव्हतंच," तो म्हणाला.

एवढंच. शिवी नाही, तारीख नाही, काही नाही. सुकदेवला वाटलं, याने आता दोन कानफटात द्याव्या, सगळ्या खात्यासमोर द्याव्या. पण गोकुळ त्याला कुठल्या धाग्यावर लक्ष ठेवायचं ते सांगू लागला, तेल कुठे गळतंय ते दाखवू लागला. मग वाकून चपला पायांत ओढू लागला. सुजलेल्या पायांत त्या शिरत नव्हत्या. सुकदेव पटकन खाली बसला आणि त्याचा एक पट्टा लावून द्यायला गेला. गोकुळने पाय मागे घेतला नाही, लावू दिला.

तो पट्टा लावताना, वर न बघता, सुकदेव बोलला. म्हणाला की पुढच्या वर्षी तू बस. नवी पुस्तकं मी आणतो, उत्तरं मी काढून देतो, जशी येतील तशी. आणि तुझ्या जागेवर मी उभा राहतो, सोळा काय, वीस तास. वहीत सही माझी.

गोकुळने दुसरी चप्पल हातातच घेतली. डब्याची पिशवी खांद्याला लावली.

"तू राहू दे," तो म्हणाला. आवाज नेहमीचाच, प्रेमळ. "अनंताले विचारून ठेवलंय मी. तो करीन सही."

आणि मशीनच्या आवाजात आपल्याला नीट ऐकू आलं नाही, असा चेहरा सुकदेवने केला.